टेकायची बाजू

"बाई, काय झालं? पायात पेटका आला का?" हुसेनभाईंनी आरशात बघत विचारलं.

मी घाईघाईनं हात हलवला, चला चला म्हणून. पेटका कसला डोंबलाचा! उजव्या कुल्ल्यात करंट बसला होता. खराखुरा, विजेचा. ओल्या हातानं बटणाला हात लावल्यावर बसतो ना, तसा. कुल्ल्यातून निघाला आणि मांडीच्या मागनं थेट पायाच्या अंगठ्यात उतरला. तिकिटाचं मशीन हातातून सुटून पट्ट्याला लोंबकळायला लागलं, आणि मी एका पायावर अशी काही उडाले की पुढच्या सीटवरची दोन कॉलेजची पोरं फिस्सकन हसली.

"फार हसू येतंय वाटतं," मी म्हटलं. "पास दाखवा आधी."

चिपळूणहून कराडला जाणारी दुपारची गाडी, आणि नुकता कुठे कुंभार्ली घाट सुरू झालेला. या गोष्टीला अकरा वर्षं झाली. मी तेव्हा सत्तेचाळीसची. हेमलता पानस्कर, एसटीत कंडक्टर. आणि माझ्या अंगात एक यंत्र होतं.

त्या यंत्राचं आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

लोकांची तक्रार असते की लघवी थांबत नाही. माझं उलटं. ती व्हायचीच नाही. म्हणजे आधी होत होती हो, चांगली होत होती, पण मीच तिला विचारत नव्हते. गाडी लेट झालेली मला खपायची नाही. स्टँडवर उतरलं की नोंद करा, आरक्षणाची यादी बघा, कुणाची पिशवी राहिली, कुणाचं पोर राहिलं, तोवर सुटायची वेळ. पुढच्या स्टँडला जाऊ, पुढच्या स्टँडला जाऊ, असं करत चारचार, सहासहा तास मी दाबून धरायची. आणि त्याची मला मिजास होती, खोटं कशाला सांगू? बाप्ये लोक दोनदोनदा उतरायचे, मी नाही. सोळा वर्षं हा माज केला. मग एक दिवस लघवीच्या पिशवीनं संप पुकारला. पोट फुटायला आलंय आणि थेंब नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा नळी घालून काढली.

त्यानंतर ती नळी माझ्या नशिबी आली. दिवसातून चारदा स्वतःच्या हातानं घालायची. त्याला स्वच्छ जागा पाहिजे, पाणी पाहिजे, दाराला कडी पाहिजे. लाईनवर, फिरत्या गाडीवर, हे कुठून आणायचं? डेपोतल्या लोकांनी वाईट वागवलं असं नाही. टेबलावर बसवलं, डोक्यावर पंखा दिला. पण मला त्या टेबलावर मेल्यासारखं व्हायचं. आमचे हे लवकर गेले, पोरगी लग्न होऊन सोलापूरला. मला माणसं लागायची, आरडाओरडा लागायचा, वळणं लागायची. मला गाडी पाहिजे होती. एवढंच.

मग कुणीतरी मिरजेच्या डॉक्टर हेर्लेकरबाईंचं नाव सांगितलं. त्यांनी ते यंत्र दाखवलं. माकडहाडाच्या वरच्या हाडातून एक बारीक वायर नसेपाशी सोडायची, आणि त्या वायरला जोडलेली काडेपेटीएवढी बॅटरी कुल्ल्याच्या वरच्या अंगाला कातडीखाली शिवून टाकायची. ती दिवसरात्र त्या नसेला बारीक टिचक्या मारत राहते. मग पिशवीला आपलं काम आठवतं. जोर कमीजास्त करायला एक रिमोट. आधी पंधरा दिवस पेटी बाहेरच कमरेला बांधून बघायचं, लागू पडलं तर कायमचं आत.

तिसऱ्या दिवशी मला आपसूक झाली. न्हाणीत बसून मी हमसून हमसून रडले. उरलेल्या सगळ्या नळ्या बंबात घातल्या. रबर जळाल्याचा असा घाण वास सुटला की शेजारीण धावत आली, म्हणाली, "काय पेटवलंत ओ बाई?" म्हटलं, "माझं दुखणं पेटवलं."

पण डॉक्टरांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, काम काय करता. म्हटलं, एसटीत आहे. बसून की उभं? मी म्हटलं, टेबलावर. त्या दिवशी ते खरंच होतं. मात्र यंत्र बसलं की मी लाईनवर जाणार, हे मी बोलले नाही. म्हटलं, दिवसभर आदळत आपटत जाणाऱ्या बाईच्या अंगात एवढी नाजूक वस्तू कोण घालील? नको म्हणतील. आणि नको म्हणाल्या तर मी काय करणार होते?

तर यंत्र बसलं, डेपोत बरी झाले एवढंच सांगून मी लाईनवर आले, आणि चार महिन्यांत वायर सरकली. डॉक्टरांनी विचारलं, पडलात का? मी म्हटलं, न्हाणीत घसरले. पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर पालथी घातली, पुन्हा त्याच बाजूला उघडून वायर नीट केली. सहा आठवडे घरी, वाकायचं नाही, उचलायचं नाही. पाचव्या आठवड्यात मी गाडीवर होते. हे सगळं डेपोत फक्त एका माणसाला ठाऊक होतं, ते म्हणजे हुसेनभाई मुल्ला, माझे ड्रायव्हर. रिमोट त्यांनी एकदा माझ्या हातात बघितला होता आणि हा कुठला मोबाईल म्हणून विचारलं होतं. सांगावंच लागलं.

आता त्या दुपारचं ऐका.

सकाळी सहाला घरी थोडीशी झाली होती. चिपळूणच्या स्टँडवर दहा मिनिटं बसले, थेंब नाही. वाटलं, यंत्र रुसलंय. रिमोटवर दोन घरं जोर वाढवला आणि गाडी सोडली. आणि घाटाच्या तिसऱ्या की चौथ्या वळणावर तो करंट. पुढच्या वळणावर दुसरा. मग मी रिमोट काढला आणि यंत्र बंदच करून टाकलं. झटके थांबले. पण आता यंत्र बंद म्हणजे पिशवीलाही कुलूप. मनात हिशेब चालू झाला, कराड किती वाजता, तिथून दवाखान्यापर्यंत रिक्षा किती मिनिटं. तीन तास. काढू. आजवर काढलेच की.

आणि पुढच्या मोठ्या वळणावर सिमेंटचा ट्रेलर आडवा.

"झालं," हुसेनभाईंनी इंजिन बंद केलं. "आता क्रेन यायची, मग हा हलायचा."

पॅसेंजर उतरले. बाप्ये खालच्या अंगाला, बाया वरच्या अंगाला झाडीत गेल्या आणि एकेक करून मोकळ्या होऊन, हात झटकत, गप्पा मारत परत आल्या. मी दारात उभी राहून बघत होते. असा हेवा मला उभ्या आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता. सोन्यानाण्याचा नाही, कशाचा नाही.

"तुम्हीही जाऊन या की," हुसेनभाई हळूच म्हणाले.

"जाऊन काय करू? झाडं मोजू?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "मशीन?"

"बंद केलंय. करंट मारतंय."

"आणि सकाळपासनं?"

"सकाळी सहाला."

त्यांनी घड्याळ बघितलं. दीड वाजला होता.

अडीच वाजेपर्यंत मी गाडीत पुढच्या दारापासून मागच्या सीटपर्यंत येरझारा घालत होते. बसवेना, उभं राहवेना. ओटीपोट दगडासारखं झालेलं, घाम फुटलेला आणि अंगावर काटा. मागच्या सीटवर सुकट विकणारी एक म्हातारी बसली होती. चिपळूणला चढताना मी तिची पाटी वासापायी टपावर टाकायला लावली होती आणि वर चार शब्दही सुनावले होते.

"बसा ना गो बाई," ती म्हणाली. "किती ती येरझार! मला बघून चक्कर येतेय."

"तुम्ही तुमचं बघा," मी खेकसले. आणि पुढच्या सीटचा दांडा धरून वाकले, ती वर उठताच येईना.

हुसेनभाईंनी ते बघितलं. ते गाडीत चढले, मधोमध उभे राहिले आणि मोठ्यानं ओरडले, "गाडीत कुणी डॉक्टर, सिस्टर हाय का?"

"हुसेनभाई, गप बसा!"

"गप बसायचं काम मी आठ महिने केलं, बाई. आता न्हाय."

मला त्या माणसाच्या थोबाडीत मारावीशी वाटली. सतरा वर्षं ज्या पॅसेंजरना मी आत सरका, पाय घ्या, पोराला मांडीवर घ्या म्हणून दटावलं, त्यांच्यासमोर हा माझं दुखणं वेशीवर टांगत होता.

तिसऱ्या सीटवर एक बाई खिडकीला डोकं लावून झोपली होती. ती डोळे चोळत उठली. घाटमाथ्यावरच्या उपकेंद्राची भोकरे सिस्टर. बाळंतपणाच्या एका अडलेल्या बाईला घेऊन पहाटे ॲम्ब्युलन्सनं चिपळूणला गेली होती, आता एसटीनं परत निघालेली. तिनं मला आडवं केलं, पोटावर हात ठेवला.

"अगं बाई! केव्हापासून अडलंय?"

सांगितलं. यंत्राचंही सांगितलं. सगळी गाडी ऐकत होती.

"त्या मशीनमधलं मला काही कळत नाही," सिस्टर म्हणाली. "नळीतलं कळतं. माझ्या बाळंतपणाच्या किटात एक नवी नळी उरलीय. घालू का?"

"इथं? गाडीत?"

"मग कुठं? क्रेनवर?"

मी मान हलवली. बायांनीच मग सगळं हातात घेतलं. बाप्यांना खाली उतरवलं. हुसेनभाई दाराला पाठ लावून असे उभे राहिले की मुंगी आत गेली नसती. दोघी तिघींनी पदर सोडून खिडक्यांवर धरले. एका पोरीनं ओढणी धरली. आणि त्या म्हातारीनं पाटीवर झाकायची तिची चादर आणून माझ्याभोवती पडद्यासारखी धरली. त्या चादरीचा सुकटाचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. रेडिएटरला पाणी घालायची बादली हुसेनभाईंनी न बघता मागच्या मागं आत सरकवली.

मी डोळे घट्ट मिटून घेतले. दोन मिनिटं लागली असतील. बादलीत धार पडली त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, आणि मला रडू फुटलं. सुटल्याचं पण, लाजेचं पण.

"रडू नको गो," म्हातारी म्हणाली. मघाशी अहो जाहो होती, आता सरळ एकेरीवर आली. "आमच्या म्हाताऱ्याला दोन वर्सं नळी हाय. रोज मीच बघतंय. तेच्यात काय लाजायचं?"

सिस्टरनं बादलीत बघितलं. "लिटरच्या वर आहे. बाई, आणखी दोन तास गेले असते ना, तर तुम्ही कंडक्टर राहिला नसता, पेशंट झाला असता. कायमच्या."

साडेतीनला ट्रेलर हलला. घाटाखाली चढलेल्या चौघांची तिकिटं राहिली होती, ती मी काढली. म्हातारीची पाटी टपावरनं उतरवून आत घेतली. ती कॉलेजची पोरं माझ्याकडे बघेनात, मीही त्यांच्याकडे बघेना.

तोवरचे दिवस जवळच्या दवाखान्यात जाऊन नळीनं काढून घेतली. सोमवारी मिरजेला निघाले तर स्टँडवर हुसेनभाई हजर. इस्त्रीचा शर्ट घालून.

"तुम्ही कुठे?"

"मिरजेला. रजा टाकलीय."

"मी काय कुकुलं बाळ आहे?"

"तुम्ही डॉक्टरला काय सांगणार?"

"काय म्हणजे? न्हाणीत घसरले म्हणून."

"परत? बाई, एक माणूस किती वेळा पडणार न्हाणीत? त्या डॉक्टरला वाटंल, तुमच्या घरात शेवाळच लागतं."

मला हसू आलं आणि रागही आला. मिरज येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. डोक्यात एकच घोळत होतं: खरं सांगितलं की संपलं. डॉक्टर कागदावर लिहिणार, उभ्याचं काम बंद. ते टेबल, तो पंखा, आणि निवृत्तीपर्यंत अकरा वर्षं.

डॉक्टर हेर्लेकर बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला.

"या वेळी वायर सरकली नाही. तुटलीय. बॅटरीच्या अगदी जवळ." मग माझ्याकडे वळल्या. "पडलात?"

"हो."

मागे हुसेनभाईंनी घसा खाकरला. "डॉक्टर, मी जरा बोलू का?"

"हुसेनभाई!"

"ही बाई माझ्या गाडीवर कंडक्टर हाय. टेबलावर न्हाय. पहिल्या ऑपरेशननंतर आली, दुसऱ्यानंतर बी आली. पडली बिडली कुठं न्हाय. मी रोज आरशात बघतो हिला."

माझे कान तापले. मला वाटलं होतं बाई ओरडतील, पण त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेच मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"टेबलावर म्हणाला होतात."

आणि माझा तोल गेला. "टेबलावर नाही म्हटलं असतं तर तुम्ही बसवलं असतं का यंत्र? सांगा ना! गाडीत हादरे बसतात, गाडीवर जाऊ नका म्हणाला असता! मला गाडी पाहिजे होती, बाई. त्याच्यासाठीच तर दोनदा कापून घेतलं. गाडी नाही तर ते यंत्र घेऊन मी करू काय, पूजा?"

त्यांनी माझं बोलणं संपू दिलं. मग विचारलं, "गाडीत उभ्या कशा राहता?"

"कशा म्हणजे? पायावर."

"दोन्ही हात मशीनवर आणि तिकिटावर. मग धरता कशाला?"

"कशाला नाही धरत."

"घाटात?"

"घाटातही नाही," मी म्हटलं. या उत्तराचा मला जरा अभिमानच होता. नवीन पोरी दांडा धरतात, मी नाही.

डॉक्टर उठल्या. तपासायच्या लोखंडी कॉटशेजारी मला उभं केलं, हातात पॅड आणि पेन दिलं. "हे तुमचं मशीन. आणि मुल्ला, तुम्ही गाडी चालवा."

"कुठं?"

"तिथे स्टुलावर बसून. घाट चालवा."

हुसेनभाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. बाई थट्टा करत नव्हत्या. ते स्टुलावर बसले, हवेत स्टेअरिंग धरलं आणि डोळे मिटले. "निघाली गाडी. घाटाखालचं पोफळी गाव मागं टाकलं. वळण. डावं."

"हे काय चाललंय?" मला हसू आवरेना.

"तिकीट द्या, बाई," डॉक्टर म्हणाल्या. "मला पाटण."

"किती?"

"दोन द्या. एक अर्धं."

"अर्ध्याचं वय किती? मांडीवरचं आहे का शाळेतलं?" माझं तोंड आपोआप चालायला लागलं. "आत सरका, मागं जागा आहे. उतरणारे..."

"ब्रेक!" हुसेनभाई ओरडले. त्यांचा पाय खरंच जमिनीवर आदळला.

आणि माझा उजवा कुल्ला जाऊन कॉटच्या लोखंडी कडेवर टेकला. मी टेकवला नाही हो. तो गेला. हात पॅडवरच, नजर डॉक्टरांच्या तोंडावरच, आणि सगळं अंग त्या एका जागेवर भार देऊन उभं.

"थांबा. हलू नका."

डॉक्टर जवळ आल्या आणि साडीवरनं बोट ठेवलं. बॅटरी, वर वायर, खाली लोखंड. बरोबर मधोमध. मी कळवळले.

"पुन्हा. मुल्ला, उजवं वळण घ्या."

पाचदा घाट चढलो आम्ही त्या खोलीत. डावं वळण, उजवं वळण, खड्डा, ब्रेक. पाचही वेळा तोच कुल्ला, तीच जागा.

"एका खेपेत किती वेळा होत असेल?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोनशे तर कुठंच गेलं न्हाय," हुसेनभाई म्हणाले. "सीटच्या पाठीला लोखंडी दांडा असतो, त्याला टेकतात. सगळेच कंडक्टर कुठंतरी टेकतात. कुणी डावं, कुणी उजवं. बाईंचं उजवं. मला वाटलं ह्यांना ठाऊक असंल."

मला ठाऊक नव्हतं. सतरा वर्षं मी उजव्या अंगावर उभी होते आणि मला विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं की मी कशालाच टेकत नाही.

डॉक्टर खुर्चीत बसल्या. "पहिल्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, कुठल्या कुशीवर झोपता. तुम्ही डाव्या म्हणालात, म्हणून बॅटरी उजवीकडे घातली. टेबलावर काम करणाऱ्या बाईला मी आणखी काय विचारणार?"

"आणि गाडीवर आहे म्हटलं असतं तर?"

"तर कुठे टेकता, ते विचारलं असतं. नसतं सांगता आलं तर आज केलं तेच त्या दिवशी केलं असतं. आणि डावीकडे घातली असती."

"गाडी सोडा नसतं म्हटलं?"

"का म्हणू? काही महिने दम धरा म्हटलं असतं. बाई, माणसानं आपल्या कामावर परत जावं म्हणूनच तर हे बसवतो आम्ही."

मी उभीच होते. खाली बसले. आठ महिने, दोन ऑपरेशनं, ती बादली, ते सगळं माझ्या एका शब्दानं झालं होतं. गाडी वाचवायला मी खोटं बोलले, आणि खरं बोलले असते तर गाडी वाचलीच होती. मला स्वतःचा इतका संताप आला, की हुसेनभाईंनी पुढे केलेलं पाणी मी घेतलं नाही.

"आता?" मी विचारलं.

"आता उजवीकडचं सगळं काढायचं. जखम भरू द्यायची. मग डावीकडे वायर घालून पंधरा दिवस बघायचं, ती नस साथ देते का. देईलच असं मी सांगत नाही. नाही दिली तर नळी, आणि टेबल. आणि दिली तरी डाव्या कुशीवर झोपणं बंद."

"झोपेचं मी बघते."

"तोवर नळी घालावी लागेल. आहेत ना घरी?"

"जाळल्या," मी म्हटलं.

डॉक्टर पहिल्यांदा हसल्या.

अडीच महिने मी नळीवर काढले. डेपोतही आता सगळं सांगितलं. मॅनेजर म्हणाले, "आधी बोलायचं की हो," आणि टेबल पुन्हा मला दिलं. मग डावी वायर घातली. पहिले चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी काही नाही. मी रोज न्हाणीत बसून भिंतीकडे बघायची आणि मनात म्हणायची, खोटं बोललीस ना, भोग आता. सोलापूरहून पोरगी फोन करून विचारायची, "झाली का गं आई?" आणि मी फोन आपटायची. आठव्या दिवशी थोडी झाली. दहाव्या दिवशी पुरती झाली.

ते डावं यंत्र मी निवृत्त होईपर्यंत चाललं. मध्ये एकदा बॅटरी तेवढी बदलली. उजव्या कुशीवर मला अजून धड झोप लागत नाही, रात्री दोनदा उठून बसते. त्याचं काही नाही. दहा वर्षं घाट केला मी.

पण मला आठवतो तो डावी बॅटरी आत घालायच्या ऑपरेशनच्या सकाळचा प्रसंग. मला हिरवा झगा घालून बसवलं होतं. डॉक्टर हातात निळं स्केचपेन घेऊन आल्या. तिथल्या सिस्टरनं मला पालथं व्हायला सांगितलं, तर डॉक्टर म्हणाल्या, "नको. उभ्या राहा, बाई. गाडीत राहता तशा."

मी कॉटला उजव्या अंगानं टेकून उभी राहिले. डॉक्टरांनी पडदा ओढला, झगा बाजूला केला आणि माझ्या डाव्या कुल्ल्यावर पेन टेकवलं. टेकवलं आणि तसंच धरून थांबल्या.

"इथे सीट लागते?"

"नाही."

"पैशाची बॅग?"

मी विचार केला. खरंच विचार केला, डोळे मिटून, आख्खी खेप डोळ्यापुढे आणली. माझ्या अंगाला कुठे काय लागतं ते मला कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं तेव्हा मी धड उत्तर दिलं नव्हतं.

"बॅग लागते," मी म्हटलं. "डाव्या खांद्याला असते. बसल्यावर तिचं बक्कल इथं रुततं."

"मग कुठे घालू? तुम्ही सांगा."

मी हात मागे नेला. बोटानं चाचपत चाचपत बक्कलाच्या चार बोटं वर एक जागा शोधली आणि तिथे बोट दाबून धरलं.

"इथं," मी म्हटलं. "इथं काही लागत नाही."

डॉक्टरांनी माझ्या बोटाभोवती गोल काढला.